जाहिरातीसाठी वस्तू वाटायच्या आहेत, पेन सोडून काय?

थंडगार_काम | सोमवार, रात्री ९:१२

माझा एसी आणि फ्रीज दुरुस्तीचा व्यवसाय आहे. मी धरून चार जण. दोन महिन्यांनी घरगुती उपकरणांचं एक प्रदर्शन आहे, तिथे छोटा स्टॉल घेतलाय. येणाऱ्यांना काहीतरी वाटायचंय. काय वाटू?

आधी मागच्या वेळची फजिती सांगतो. पाचशे पेनं छापून घेतली. नाव, नंबर, शेजारी निळा हिमकण. तीन दिवसांत सगळी संपली, आम्ही खूश. पेनावरचा नंबर बघून केलाय असं खात्रीने सांगता येईल असा फोन मात्र एकही नाही. आणि कळस ऐका. मध्यंतरी बँकेत रांगेत उभा होतो, पुढचे गृहस्थ माझ्याच पेनाने फॉर्म भरत होते. मी कौतुकाने बघतोय तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते पलीकडच्याला म्हणाले, "अरे, एसीवाला कोणी चांगला माहितीये का? आमच्यातून पाणी गळतंय."

हातात माझं नाव, माझा नंबर, आणि साहेब मित्राला विचारतायत!

तेव्हा ज्यांनी असल्या वस्तू वाटल्यात किंवा ज्यांच्या घरात त्या येऊन पडल्यात त्यांनी अनुभव सांगा. बजेट फार नाही.

---

तिरकस | ९:२०

मग तुम्ही बोललात की नाही त्यांच्याशी? का पेन परत मागितलंत?

---

थंडगार_काम | ९:२३

बोलायला गेलो तर त्यांचा नंबर लागला आणि ते काउंटरकडे गेले. पेन घेऊन.

---

हिशोबनीस | ९:४१

वस्तू कोणती हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, ती कोणासाठी? स्टॉलवर येणारे पाचशे जण आणि तुमची जुनी गिऱ्हाइकं या दोन वेगळ्या जमाती आहेत. अनोळखी माणसाला तुमचं नाव कळायला हवंय. जुन्याला ते माहीत आहे, त्याला वेळेवर आठवायला हवंय. एकच वस्तू दोघांसाठी घेतली की दोन्हीकडून फसते.

शिवाय पाचशेच का? पाचशे घेतलं की नग स्वस्त पडतो म्हणून ना? तिथेच गडबड होते. शंभर जणांना द्यायची वस्तू आणि पाचशे जणांना द्यायची वस्तू एकाच बजेटमध्ये बसवून बघा. शंभरातली पाचपट चांगली निघेल.

---

अक्का_ऑनलाईन | १०:०५

मी वाटणाऱ्यांपैकी नाही, मिळवणाऱ्यांपैकी. आमच्या स्वयंपाकघरात एक खण आहे, त्याला घरात सगळे 'फुकटचा खण' म्हणतात. तुमचा धागा वाचून आत्ता उपसला. निघालं ते असं: किल्ल्यांच्या अकरा साखळ्या (किल्ली एकीतही नाही), सात पेनं (दोन चालतात), एक मोबाइल उभा करायचा स्टँड ज्यात माझा मोबाइल बसत नाही, एक 'ताण घालवायचा' रबरी चेंडू, आणि कसल्याशा विम्याची डायरी जिच्यात मी फक्त पहिल्या पानावर नाव लिहिलंय.

खणात नसलेल्या, म्हणजे रोज वापरात असलेल्या वस्तू तीनच. बरणीचं घट्ट झाकण फिरवायची रबरी चकती, दोन मीटरची मोजपट्टी आणि पाकिटं बंद करायचा चिमटा. चकतीवर कोणाचं नाव आहे ते न बघता सांगू शकते, कारण झाकण अडलं की ती हातात येते आणि दर वेळी वाचली जाते. मोजपट्टीवरचं नाव मात्र केव्हाच पुसलं गेलंय. तेव्हा भाऊ, छपाई टिकेल अशी घ्या.

---

शाईपेन | १०:४८

छपाईचं नाव निघालं म्हणून बोलतो. गेली कित्येक वर्षं हेच काम करतोय, पेनं, कॉफीचे मग, पिशव्या, जे म्हणाल त्यावर नावं छापतो. (होय, माझ्यासारख्यांमुळेच अक्कांचा खण भरलाय.)

अक्कांची मोजपट्टी पुसली गेली कारण तिच्यावर बहुधा पॅड प्रिंटिंग होतं. त्यात कोरलेल्या प्लेटमधली शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून वस्तूवर ठेवतात. पेनासारख्या गोलाकार, वाकड्या वस्तूंना ते उत्तम, पण रोज हात लागतो तिथे झिजतं. प्लास्टिकला योग्य शाई आणि वर सुकवण नीट केली तर बराच काळ टिकतं, पण घाईच्या ऑर्डरीत सुकवणीवरच कात्री चालते. धातूच्या वस्तूवर लेझरने कोरून घ्या. त्यात शाईच नाही, पुसणार काय? सपाट कापड किंवा पिशवी असेल तर स्क्रीन प्रिंटिंग, पण दर रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणून रंग वाढले की खर्च वाढतो. फोटोसारखं रंगीबेरंगी हवं असेल तर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई आत मुरवणं, मात्र ते पॉलिएस्टरवर किंवा खास थर दिलेल्या मगवरच बसतं. सुती कापडावर करून द्या म्हणून भांडणारे येतात, त्यांना मी हात जोडतो.

आता गिऱ्हाइकांची ठरलेली पापं. एक, लोगो मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डमधून काढून पाठवतात. व्हेक्टर फाइल द्या, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत. दोन, पेनाच्या बोटभर जागेत नाव, पत्ता, तीन नंबर, ईमेल, घोषवाक्य. मुंगीलाही वाचता येणार नाही. आणि तिसरं सगळ्यात मोठं, नमुना न बघता ऑर्डर देतात. छापलेला एक नग हातात घ्या, पाण्यात घाला, नखाने खरवडा, खिशात आठवडाभर वागवा. मग होकार द्या.

थंडगारभाऊ, तुमच्या पेनावर हिमकण होता ना? हिमकणावरून एसीवाला कळतो की आइस्क्रीमवाला?

---

थंडगार_काम | ११:०२

हा विचार केलाच नव्हता. पेनावर 'सर्व्हिसेस' असं लिहिलं होतं, कसल्या ते नव्हतं.

---

तिरकस | ११:०४

बँकेतला माणूस निर्दोष आहे. सोडून द्या त्याला.

---

बिनदिक्कत | मंगळवार, सकाळी ७:५५

माझं मत कडू लागेल. काहीच वाटू नका. फुकट मिळालेल्या वस्तूला किंमत नसते आणि ती देणाऱ्यालाही राहत नाही. मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि सुमारे ३५,००० प्रती फुकट वाटल्या. कंपनीतच सांगितली जाणारी गोष्ट अशी की पुढे आंद्रे मिशेलिन एका टायरच्या दुकानात गेले, तर त्यांच्या पुस्तिका तिथल्या टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून लावलेल्या. १९२० पासून त्यांनी पुस्तिकेला किंमत लावली.

आणि फुकटाचा अतिरेक बघायचा असेल तर व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी हूवर कंपनी. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांनी शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन परतीची तिकिटं जाहीर केली. आधी युरोपची, मग अमेरिकेची. तिकिटं खरेदीपेक्षा महाग, त्यामुळे लोकांनी नको असलेले व्हॅक्यूम क्लीनर घेतले, तिकिटांवर हक्क सांगितला, तिकिटं मिळेनात तेव्हा कोर्टात गेले. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला आणि १९९५ मध्ये तो ब्रिटनमधला धंदा विकला गेला. नाकापेक्षा मोती जड.

त्या पैशात आहेत त्या गिऱ्हाइकांना तपासणीची एक फेरी फुकट द्या.

---

वेलांटी | ८:३०

बिनदिक्कत, उदाहरणं भारी आहेत पण निष्कर्ष पटला नाही. टेकू झालेल्या पुस्तिका तुम्हाला दिसल्या, त्याच पुस्तिकेने टायर कंपनीचं नाव जगभर नेलं ते दिसलं नाही? १९०० मध्ये फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. लोकांनी गाडी काढून लांब फिरावं, म्हणजे टायर झिजतील, हा त्यामागचा बेत. देणगी आणि धंदा एकमेकांत असे गुंतलेले होते. हूवरच्या तिकिटांचा झाडू मारण्याशी काय संबंध होता? काहीच नाही. फरक तिथे आहे.

आणि माणसाला काही मिळालं की परतफेडीची ओढ लागते, हे खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ डेनिस रेगन यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संशोधकांचाच एक साथीदार मध्येच बाहेर जाऊन येताना दुसऱ्यासाठी, न मागता, एक कोका-कोला घेऊन यायचा. नंतर तो सोडतीची तिकिटं विकायला लागला, तर कोला मिळालेल्यांनी न मिळालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस त्यांना आवडला की नाही याचाही फारसा फरक पडला नाही.

२००२ मधला दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. हॉटेलात बिलाबरोबर गोळी दिली की टिप थोडी वाढते. दोन दिल्या की आणखी वाढते. पण सगळ्यात जास्त कधी? वेटरने एक गोळी देऊन पाठ फिरवली, दोन पावलं गेली, आणि मग आठवल्यासारखं परत वळून दुसरी दिली तेव्हा. गोळ्या त्याच, दोनच. थाळीत ओतून ठेवलेल्या पेनांना ही जादू कशी यावी? स्टॉलवर 'घ्या घ्या' म्हणून ढीग ठेवला की तो ढीग होतो, भेट होत नाही.

---

बिनदिक्कत | ८:५२

टिप लगेच मिळते हो. एसी बिघडतो दहा महिन्यांनी. तोवर तुमची परतफेडीची ओढ कुठल्या कुठे गेलेली असते.

---

वेलांटी | ८:५८

हं. हा मुद्दा मात्र बरोबर आहे. वस्तू दहा महिने डोळ्यासमोर राहायला हवी, नाहीतर गोळीच बरी.

---

पिशवीत_पिशवी | १०:१५

कापडी पिशवी द्या की! पर्यावरणाला चांगली, लोगोला जागा भरपूर, माणूस बाजारभर मिरवतो.

---

हिरवा_कंदील | १०:४०

'पर्यावरणाला चांगली' हे इतकं सोपं नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशोब मांडला होता. साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची तर नेहमीच्या कापसाची पिशवी हवामानाच्या एकट्या निकषावर ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची तर २०,००० वेळा, तिथे ओझोन थराला होणारी हानी हा आकडा फुगवते. या हिशोबात पिशवी रस्त्यावर, समुद्रात पडून होणारा कचरा धरलेला नाही हे खरं, म्हणून प्लास्टिक बरं असं कोणी समजू नये. पण ज्याच्या घरी आधीच दहा कापडी पिशव्या आहेत त्याला अकरावी देणं म्हणजे कचराच.

---

पिशवीत_पिशवी | १०:४४

माझ्या घरी तेवीस आहेत. आयडी उगाच नाही घेतला.

---

शाईपेन | ११:२०

हिरवा कंदील, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय, पण खरं बोलताय. मला स्वतःला सगळ्यात वाईट टीशर्टचं वाटतं. छातीवर फूटभर लोगो. असा शर्ट माणूस रंगकामाला किंवा गाडी पुसायला घालतो. लोगो बाहीवर बोटभर ठेवा म्हणून सांगतो, मालक म्हणतात, "मग आमचं नाव दिसणार कसं?" अहो, कपाटात तर मुळीच दिसत नाही.

---

चुकलामाकला | दुपारी १:३०

माझी कर्मकहाणी, इतरांनी शहाणं व्हावं म्हणून. नोकरीला होतो त्या कंपनीने वर्धापनदिनाला छत्र्या वाटायचं ठरवलं. एक हजार. मजकूर मी तपासला, साहेबांनी तपासला, साहेबांच्या साहेबांनी सही केली. छत्र्या आल्या, उघडल्या, सुंदर. वेबसाइटच्या पत्त्यात एक अक्षर गाळलेलं. तो चुकीचा पत्ता उघडून बघितला तर तिथे दुसऱ्याच कोणाचं दुकान, आणि तेही छत्र्यांचं नाही, विगांचं.

काय केलं? आठ पाकळ्यांपैकी दोनवर पत्ता होता. चिकटपट्टीने झाकला. पहिल्याच पावसात पट्ट्या लोंबायला लागल्या. ते विगवाले आमचे आजन्म ऋणी असतील.

तेव्हापासून नियम: मजकुरातल्या नंबरावर स्वतः फोन लावून बघायचा, कागदावरून, डोक्यातून नाही. आणि पत्ता टाइप करून बघायचा. डोळे चूक वाचत नाहीत, मनात असतं ते वाचतात.

---

तिरकस | १:३६

विगवाल्यांना डोक्यावर घेतलंत की हो.

---

गंजलेली_किल्ली | १:५०

यात क्यूआरची भर घालतो. हल्ली प्रत्येक वस्तूवर क्यूआर छापतात. तो दोन तऱ्हेचा असतो. एकात पत्ता थेट ठिपक्यांत असतो, तो कधी बदलत नाही. दुसऱ्यात मधल्या एका सेवेचा पत्ता असतो, ती सेवा पुढे तुमच्या पानावर पाठवते. दुसऱ्याचा फायदा हा की किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं. तोटा असा की त्या सेवेची वर्गणी भरायची राहिली की तुमच्या हजार वस्तू एका रात्रीत मुक्या. मी स्वतःच्याच वेबसाइटवर एक छोटं पान केलं, फक्त त्या वस्तूसाठी, आणि त्याचा पत्ता थेट छापला. मोजणीही होते आणि चावी माझ्याकडे राहते.

आणि क्यूआरच्या भोवती मोकळी चौकट सोडा. डिझायनरांना ती मोकळी जागा बघवत नाही, तिथे वेलबुट्टी काढतात, मग फोनला काही वाचता येत नाही.

अवांतर: पेन ड्राइव्ह वाटू नका. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात संगणक सुरक्षेच्याच परिषदेत वाटलेल्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस निघाले होते. आता शहाणा माणूस अनोळखी ड्राइव्ह संगणकाला लावतच नाही. पॉवर बँकचंही तेच, स्वस्तातली बॅटरी फुगली की तिच्यावर नाव तुमचं. शिवाय बाहेरगावचे पाहुणे विमानाने आलेले असतील तर ती चेक-इन सामानात चालत नाही, हातातच न्यावी लागते.

---

हिशोबनीस | संध्याकाळी ६:१०

मोठ्या कंपन्यांना, सरकारी कार्यालयांना द्यायचं असेल तर आणखी एक. कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी भेट घेण्यावर बंधन असतं. अमेरिकेत औषध कंपन्यांच्या संघटनेने २००९ पासून डॉक्टरांना लोगोची पेनं आणि कॉफीचे मग देणंही आपल्या आचारसंहितेत बंद केलं. साधं पेन, पण 'हे लिहून देणाऱ्या हातात आहे' हा आक्षेप. थंडगारभाऊंना हे लागू नाही, पण ऑफिसांची कंत्राटं घेत असतील तर आधी विचारून घ्यावं.

---

थंडगार_काम | रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. व्यक्तिगत निरोपांत निदान सहा जणांनी 'फ्रीज मॅग्नेट द्या' असं सुचवलंय. सुचणं साहजिक आहे. पण मी रोज फ्रीजसमोर उभा असतो, म्हणून सांगतो, बऱ्याचशा नव्या फ्रीजांच्या दाराला काच असते, आणि स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांना लोहचुंबक चिकटतच नाही. मॅग्नेट लावायला गेलं की खाली पडतं आणि खणात जातं. अक्कांच्या.

---

अक्का_ऑनलाईन | ८:३४

आहेत, चार आहेत. अकरा साखळ्यांच्या खाली.

---

पान्हा_पक्कड | ९:१५

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आता लिहितो. मी पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रांची देखभाल करतो. आमच्याकडे छापील वस्तू एकच, स्टिकर. यंत्राच्या बाजूला लावतो. 'फिल्टर बदलला: तारीख. पुढचा: तारीख.' खाली नंबर. लोक याला वस्तू म्हणत नाहीत, पण माझे निम्म्याहून जास्त फोन तिथूनच येतात. यंत्र कुरकुरलं की माणूस यंत्राकडे बघतो, खिशातल्या पेनाकडे बघत नाही.

तुमच्या बँकेतल्या माणसाचंही तेच. त्याच्या घरी पाणी गळत होतं तेव्हा तो एसीखाली बादली लावून उभा होता. पेन ऑफिसच्या खिशात.

कागदी स्टिकर नको, पॉलिएस्टरचा घ्या. तारीख कायमच्या शाईच्या मार्करने लिहा, साध्या पेनाची उडून जाते. दर्शनी भागावर लावू नका, मालकीणबाई काढून टाकतात आणि डिंक राहिला की तुमच्यावर चिडतात. एसीला आतल्या पॅनेलवर, फिल्टर काढायला उघडतात तिथे.

---

हिशोबनीस | ९:२२

हे बेस्ट. जुन्या गिऱ्हाइकांचा प्रश्न सुटला. आणि खर्च जवळजवळ शून्य.

---

थंडगार_काम | ९:४०

पान्हाभाऊ, लाजच वाटली. इतकी वर्षं एसी उघडतोय, हे सुचलं नाही. त्यावर 'फिल्टर दोन ते चार आठवड्यांनी धुवा' हेही छापेन. फिल्टर तुंबला की हवा कमी होते, आतल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ धरतो, आणि तो वितळला की तेच 'पाणी गळतंय'.

म्हटलं तर मी माझेच फोन कमी करतोय. पण नुसता फिल्टर धुवायला जाऊन फी घेतली की मला तोंड लपवावं लागतं, ते तरी वाचेल.

आता स्टॉलचं. अनोळखी माणसाच्या एसीत मी स्टिकर कसा लावणार?

---

वेलांटी | १०:०१

फ्रीजच्या *आत* काही ठेवता येईल का? बाहेर चिकटत नाही म्हणता तर.

---

थंडगार_काम | १०:०८

थर्मामीटर!

फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर. बहुतेकांना आपल्या फ्रीजचं तापमान माहीत नसतं, नॉब '३' वर आहे एवढंच माहीत असतं. आत साधारण ४ ते ५ अंशांच्या वर जाऊ नये, फ्रीझर उणे १८. काटा वर चढला की काय करायचं? त्यावर माझा नंबर आहे.

---

तिरकस | १०:११

म्हणजे स्वतःचा आजार ओळखायचं यंत्र रोग्याच्या घरात ठेवायचं आणि त्यावर डॉक्टरचा नंबर. कावेबाज आहात. आवडलं.

---

शाईपेन | १०:३०

कल्पना झकास, पण सावकाश. स्वस्त थर्मामीटर खोटं बोलतात. काटा दोन-तीन अंश चुकला तर चांगल्या फ्रीजवाल्यांचे फोन येतील, तुम्ही जाल, काही बिघाड नसेल, आणि ते म्हणतील थर्मामीटर देऊन गिऱ्हाइकं ओढतोय. नाव मिळवायला वर्षं लागतात, घालवायला एक चुकीचा काटा. नमुने मागवा आणि तपासा.

छपाईचं म्हणाल तर डायलवर नाव हवं असेल तर ते कारखान्यातच होतं आणि ऑर्डर मोठी लागते. थोडे हवे असतील तर मागच्या धातूवर लेझर, नाहीतर पुढच्या कडेला बारीक स्टिकर. मागे नको, मागचं कोण बघतंय.

---

अक्का_ऑनलाईन | १०:४२

डिजिटल घेऊ नका हो. त्यात बटणासारखा सेल असतो. लहान मूल असलेल्या घरात तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते, काही तासांत. फुकट मिळालेल्या वस्तूचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते कोणी बघत नाही. काट्याचाच घ्या.

---

बिनदिक्कत | ११:००

मी हरलो असं समजू नका, पण हे मी घेईन. आणि ढीग लावू नका. जो थांबून दोन वाक्यं बोलेल, 'आमचा फ्रीज असा असा आहे' म्हणेल, त्यालाच द्या.

---

वेलांटी | ११:०३

पाठ फिरवून, दोन पावलं जाऊन, मग परत वळून. विसरू नका.

---

थंडगार_काम | अकरा आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:२०

धागा वर काढतोय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

काट्याचे दहा नमुने मागवले. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र ढवळून त्यात काट्याचे थर्मामीटर पिशवीत घालून ठेवले, शून्य दाखवायला हवं. सहा बरोबर, दोन अर्ध्या अंशाने इकडेतिकडे, दोन तीन अंश वर. शाईपेनदादा, तुमचे पाय कुठे आहेत? दुसऱ्या ठिकाणचे मागवले, ते सगळे अंशाच्या आत. दीडशे घेतले, पाचशे नाही. डायलच्या कडेला स्टिकर: 'फ्रीज ५ च्या वर? फोन करा.' खाली नंबर, आणि 'एसी-फ्रीज दुरुस्ती' हे शब्द नावापेक्षा मोठे. हिमकण काढून टाकला. नंबर लावून बघितला, माझाच वाजला.

स्टॉलवर टेबलाखाली ठेवले. बोलणाऱ्यांनाच दिले. देताना सांगायचो, मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवा, मग वाचा, दार उघडल्याउघडल्या काटा हलतो त्यावर जाऊ नका. शंभर आणि आणखी तेरा गेले. आतापर्यंत थर्मामीटरचं नाव सांगून आलेले फोन चौदा. त्यात नऊ कामं झाली. तीन जणांच्या फ्रीजला काहीच झालं नव्हतं, फक्त दाराचं रबर पुसून घ्यायचं होतं, ते फोनवरच सांगितलं. एकाने थर्मामीटर फ्रीझरच्या दारात ठेवला होता आणि तो मला झापत होता की उणे १८ येत नाही. आणि एका आजींनी फक्त 'काटा चारवर आहे, छान चाललंय' एवढं सांगायला फोन केला.

एसीतले स्टिकर आता दर कामाला लावतो. त्याचा हिशोब उन्हाळ्यानंतर कळेल.

---

हिशोबनीस | ४:४५

दीडशेत चौदा फोन की एकशे तेरात चौदा? उरलेले कुठे आहेत?

---

थंडगार_काम | ४:५०

एकशे तेरात. सदतीस उरलेत. दुरुस्तीला जातो तिथे देतोय, काम झाल्यावर, निघताना दारातून परत वळून.

---

वेलांटी | ४:५२

:-)

---

नवा_भिडू | ५:३०

नमस्कार, माझं चष्म्याचं दुकान आहे. पूर्ण धागा वाचला नाही, पण स्वस्तात पाचशे पेनं कुठे मिळतील?

---

तिरकस | ५:३१

थंडगारभाऊ, तुमच्याकडची शिल्लक आहेत का?

---

अक्का_ऑनलाईन | ५:३८

माझ्याकडे दोन चालतात. नवीन भिडूंनी आधी वरचा सगळा धागा वाचावा, आणि मग चष्मा पुसायच्या कापडाचा विचार करावा. पण मोठ्या अक्षरात छापा. चष्मा काढूनच ते हातात घेतात.

---

तिरकस | ५:४४

बाकी सगळं जाऊ दे, बँकेतला तो माणूस परत भेटला का?

---

थंडगार_काम | ६:०२

भेटला. त्याच बँकेत. पाणी गळायचं थांबलंय म्हणाला, मित्राने कोणीतरी एसीवाला दिला होता. त्याला एक थर्मामीटर दिला, तर फॉर्म भरायला पेन आहे का म्हणून विचारलं.